आधी रस्ता की आधी सातबारा?

आत्याची सगळी नोकरी धडगाव तालुक्यात झाली, सातपुड्यातल्या उपकेंद्रांवर सिस्टर म्हणून. मी सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी गावांचे नकाशे करतो. इंडोनेशियातल्या पश्चिम कालिमांतान प्रांतात, म्हणजे बोर्निओ बेटावर, काही दयाक आदिवासी गावांनी आपलं जंगल कसं राखलं ते बघायला मी गेलो होतो. परतल्यावर आत्याकडे फोटो घेऊन बसलो आणि बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. आमचं एकमत झालेलं नाही. पण जंगलातल्या गावाचं आपल्याकडे एक तर कौतुक होतं, नाहीतर कीव केली जाते. आत्याने दोन्हीला थारा दिला नाही, म्हणून ते बोलणं इथे उतरवलं आहे.

आत्या: फोटो छान आहेत रे. केवढं लांब घर! पण यात दवाखाना कुठे आहे?

मी: दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. मोठं रुग्णालय पुतुसिबाऊला, ते कापुआस हुलू जिल्ह्याचं ठिकाण. गाडीने दोनेक तास.

आत्या: गाडी मिळाली तर. आणि पाऊस थांबला तर.

मी: पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर तिथे कोणी घराबाहेरच पडणार नाही. विषुववृत्ताजवळचा मुलूख, पाऊस पडला नाही असा महिना नसतो. आधी गाव कसं आहे ते तर ऐक. गावाचं नाव सुंगाई उतिक. लोक इबान, म्हणजे दयाकांतलीच एक मोठी शाखा. अख्खं गाव एका छपराखाली राहतं. खांबांवर उभं केलेलं, जवळपास दोनशे मीटर लांबीचं लाकडी घर, १९७०च्या दशकात बांधलेलं. २८ बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. दारांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ओसरी जाते, तिला रुआई म्हणतात. ओसरीपुढे उघडं मचाण, तिथे भात वाळत घालतात. संध्याकाळी सगळे ओसरीवर. वेताच्या चटईवर कोणी टोपली विणतंय, कोणी जाळं सांधतंय. तान्ह्या पोराची झोळी तुळईला स्प्रिंग लावून टांगलेली, आणि येणारा-जाणारा कोणीही तिला एक हलका झोका देऊन पुढे जातो. त्या पोराची आई कोण, हे मला विचारल्यावरच कळलं.

आत्या: हे चांगलं आहे. पहिलटकरणीला एकटं पडल्यासारखं होत नसेल.

मी: बाळंतिणीला विस्तवाजवळ बसवून शेक द्यायची रीत इबानांतही जुनी आहे.

आत्या: आपल्या शेगडीसारखीच म्हणायची. शेक बरा, धूर वाईट. धडगावला हेच सांगून आम्ही थकलो. पण मला सांग, बाई अडली तर काय करतात?

मी: इंडोनेशियाने १९८९पासून गावागावात प्रशिक्षित सुईणी नेमायला सुरुवात केली. बिदान म्हणतात त्यांना. काही वर्षांतच पन्नास हजारांच्या वर नेमणुका झाल्या. २०१४पासून सगळ्या देशासाठी सरकारी आरोग्य विमाही आहे.

आत्या: नेमणूक झाली म्हणजे बाई तिथे राहिली असं होत नाही. माझ्या शेजारच्या उपकेंद्रावरची जागा भरली जायची आणि पावसाळ्याआधी रिकामी व्हायची. शहरातून आलेली तरणी मुलगी, खोलीच्या दाराला धड कडी नाही, रात्री दिवा नाही. ती किती दिवस काढणार? तिला मी दोष दिला नाही कधी. तिथे माता किती दगावतात?

मी: देशभराचा आकडा खाली आला आहे. लाख जिवंत जन्मांमागे २०१५च्या पाहणीत ३०५ होता, २०२०च्या जनगणनेत १८९.

आत्या: आपला शंभराच्या खाली आला, तरी धडगावात आम्ही बायका गमावल्याच. सरासरीत जावा बेटावरची शहरं येतात, तुझं ते लांब घर त्यात कुठेतरी बुडून जातं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांत जाते. दोन तास, म्हणजे तुझा तो पुतुसिबाऊचा रस्ता. मी बायकांना झोळीत घालून, बांबूला बांधून, चार गडी आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरवलेलं पाहिलं आहे. त्यातल्या सगळ्या पोचल्या नाहीत. त्यामुळे जंगलाच्या शांततेचं माझ्यासमोर कोणी गुणगान केलं की मला आधी रस्ता आठवतो.

इथे मी थोडा वेळ गप्प राहिलो. आत्याच्या म्हणण्यात खोट काढायची नव्हती, आणि खोटं तर त्यात काहीच नव्हतं. तिला बोर्निओतल्या खऱ्या अडचणीच्या गावांबद्दलही सांगणं भाग होतं, कारण सुंगाई उतिक त्या मानाने सोयीचं आहे.

मी: याहून आत किती जाता येतं बघ. पूर्व कालिमांतानमध्ये महाकाम नदीच्या वरच्या अंगाला लाँग पाहांगाई, लाँग आपारी हे तालुके आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नदी हाच तिथला रस्ता. मध्ये खडकांतून फेसाळत उतरणारे टप्पे. पाणी फार चढलं तरी होडी जात नाही, आटलं तरी जात नाही. कोरड्या वर्षी नदी खाली गेली की वर तांदूळ, गॅसची टाकी, पेट्रोल पोचत नाही आणि भाव अनेक पटींनी चढतात. जिल्हा नवा आहे, २०१२ साली वेगळा केलेला, कारण पूर्वीचं जिल्ह्याचं ठिकाणच फार लांब पडायचं.

आत्या: आणि त्या प्रांतात सरकारकडे पैसा नाही?

मी: पैसा आहे. इंडोनेशियाची नवी राजधानी, नुसंतारा, त्याच प्रांतात २०२२पासून बांधली जातेय. महाकामवरून कोळशाचे मोठमोठे तराफे समुद्राकडे जातात. त्या प्रांताचा कोळसा आपल्याकडच्या वीजघरांतही येतो.

आत्या: म्हणजे कोळसा खाली येतो आणि तांदूळ वर जात नाही. हे मला नेहमीचंच वाटतं. नर्मदेवर धरण झालं, आमच्या गावांभोवती पाणी भरलं, आणि मग पाण्यावरून यायला तरंगता दवाखाना द्यावा लागला. दवाखाना आला तेव्हा मला आनंद झाला, पण तो मागून आला. तर मग तूच सांग, महाकामच्या त्या बायकांना रस्ता हवा की नको?

मी: हवा. पण तो रस्ता कोण बांधतो आणि त्यावरून आधी काय जातं, यावर पुढचं सगळं ठरतं. बोर्निओत बहुतेक ठिकाणी रस्ता दवाखान्यासाठी झालेलाच नाही, तो लाकडासाठी झाला. १९६७च्या वनकायद्यानंतर राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या सरकारने जंगलाचे मोठमोठे पट्टे कंपन्यांना तोडीसाठी दिले. गावाला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण कागदावर सगळं जंगल सरकारचं. लाकूड संपलं की त्याच रस्त्याने पामतेलाची कंपनी आली.

आत्या: पाम आला म्हणून वाईटच झालं असं मात्र म्हणू नकोस.

मी: मी तसं सरसकट म्हणत नाही.

आत्या: तुझ्या चेहऱ्यावर होतं ते. पामवाल्या शेतकऱ्याची पोरं शिकली नाहीत का? मोटारसायकली आल्या, घरं पक्की झाली, हे तूच मागे सांगितलंस. आणि आपण कोण बोलणारे? माझ्या रेशनच्या दुकानात वर्षानुवर्षं पामतेल मिळत आलं. २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्यातच करंज्या तळल्या. त्या तेलाशिवाय त्यांची दिवाळी कशी झाली असती?

मी: त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली होती, स्वतःच्या लोकांना तेल परवडेना म्हणून. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा सुरू केली. जगातला सगळ्यात मोठा पामतेल पिकवणारा देश आणि घरच्या बाजारात तेल महाग. आपण जगातले सगळ्यात मोठे घेणारे. हा आपला आणि त्या गावांचा खरा संबंध आहे, मी तो नाकारत नाही. आणि तिथली जवळपास चाळीस टक्के पामची लागवड छोट्या शेतकऱ्यांची आहे हेही खरं. ज्याची जमीन स्वतःच्या नावावर आहे, झाडं स्वतःची आहेत, त्याचं पामने बरं झालं. मी तशी घरं पाहिली आणि त्यांना चुकीचं म्हणायचा मला हक्क नाही.

आत्या: मग अडलं कुठे?

मी: कंपनीच्या करारात. गाव जमीन कंपनीला देतं. त्यातला पाचवा हिस्सा कंपनीने गावकऱ्यांसाठी लावून द्यावा असा २००७चा नियम आहे. पण लावणीचा खर्च गावकऱ्याच्या नावावर कर्ज म्हणून चढतो आणि घडांच्या पैशातून वर्षानुवर्षं कापला जातो. घड तोडला की दिवस-दोन दिवसांत गिरणीत गेला पाहिजे, नाहीतर तेल बिघडतं. मग शेतकरी विकणार कुणाला? रस्त्याच्या टोकाला जी एक गिरणी आहे तिलाच. आणि सगळ्यात वाईट हे, की कंपनीला मिळणारा जमिनीचा हक्क सरकारकडून मिळतो. मुदत संपली की जमीन गावाला परत येत नाही, सरकारजमा होते. आजोबाने अंगठा उठवताना ती भाड्याने दिली असं समजलेलं असतं. नातवाला कळतं की ती गेली.

आत्या: हे त्यांना आधी कोणी सांगत नाही?

मी: गावाच्या प्रमुखाला सांगितलं, सही घेतली, झालं. सुंगाई उतिकच्या लोकांकडे लाकूड कंपन्या १९७०च्या दशकापासून येत होत्या. शेजारच्या जंगलातून कंपन्यांनी तोड केली. सीमेपलीकडे मलेशियाचा सारावाक आहे. या शतकाच्या सुरुवातीला चोरटं लाकूड तिकडे ट्रकांनी जात होतं, हातात रोख पैसा येत होता. या घराने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. त्यांचे वडीलधारे बांदी, ज्यांना सगळे आपाई जांगुत म्हणतात, ते यात पुढे होते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक गावाला मिळालं, २०२३ साली आपाई जांगुत यांना गुलबेंकियान पारितोषिक, इतर दोघींबरोबर विभागून.

आत्या: नाही म्हणायला पोटात काहीतरी असावं लागतं. काय खातात?

मी: डोंगरउतारावरचा भात. पावसाळा थोडा ओसरला की एक तुकडा तोडतात, वाळू देतात, जाळतात. मग पेरणी. पुरुष रांगेने, हातात टोकदार काठी, जमिनीत भोकं पाडत पुढे सरकतात. मागून बायका चिमटीने बी टाकत येतात, एका भोकात सात-आठ दाणे, पायाने मातीही ओढत नाहीत. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या, सगळं इर्जिकीवर. भातातच काकडी, भोपळा, मका. कापणी झाली की तो तुकडा सोडून द्यायचा. आधी नेचे उगवतात, मग झुडपं, मग झाडं, आणि काही वर्षांनी पुन्हा तिथेच. जुन्या वस्तीच्या जागा तर आणखी वेगळ्या. घर हलवलं तरी त्याभोवती लावलेली फळझाडं राहतात, डुरियान, लांगसात, तेंगकावांग. या तेंगकावांगच्या बियांतून लोण्यासारखी चरबी निघते. झाड दरवर्षी फळत नाही. काही वर्षांनी एकदा अख्ख्या जंगलाला एकदम बहर येतो आणि मग घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन बाहेर. परक्या माणसाला ते रान वाटतं. खरं तर ती कोणाच्या तरी पणजीने लावलेली बाग असते.

आत्या: जाळतात म्हणालास. त्याच आगीचा धूर सिंगापूरपर्यंत गेला होता ना?

मी: हा प्रश्न मला तिथे आमच्यातल्याच लोकांनी विचारला होता. २०१५च्या आगीत २६ लाख हेक्टर जळालं, जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलरचं धरलं. त्यातली सर्वांत घातक आग पीटची, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या जमिनीची. ती ओली असते तोवर जळत नाही. मध्य कालिमांतानमध्ये १९९५-९६च्या सुमाराला सरकारने दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचं ठरवलं आणि हजारो किलोमीटर कालवे खोदून ते पाणी काढून टाकलं. भात आला नाही, जमीन मात्र वाळली आणि तेव्हापासून पेटत राहिली. डोंगरउतारावरच्या तुकड्याची आग वेगळी. भोवती पट्टा साफ करतात, वारा बघतात, शेजारी उभे राहतात. २००९चा पर्यावरण कायदासुद्धा पारंपरिक शेतीसाठी घरटी दोन हेक्टरपर्यंत जाळायला मुभा देतो.

आत्या: कायद्यात मुभा आहे म्हणजे पोलीस त्रास देत नाहीत असं नाही.

मी: नाहीच. कापुआस हुलूच्या शेजारच्या सिंतांग जिल्ह्यात सहा शेतकऱ्यांवर याच आगीचा खटला भरला. बाहेर हजारो दयाक लोक जमले. मार्च २०२०मध्ये सहाही जण सुटले. ती भीती मात्र राहिली. काहींनी भात लावणंच कमी केलं, आणि मग तांदूळ विकत.

आत्या: आणि तांदळाला पैसा लागतो. तो कुठून?

मी: रबर आहे, पण भाव पडलेला. नदीकाठच्या क्रातोम झाडाची पानं वाळवून व्यापाऱ्याला देतात, ती अमेरिकेत जातात. तिथे कायदा बदलला की इथला भाव खाली. तरुण मुलं सीमा ओलांडून सारावाकमध्ये मजुरीला जातात. बादाऊची नवी तपासणी चौकी २०१७ साली झाली, तिथून रस्ता सरळ आहे. आणि तो रस्ता सुंगाई उतिकजवळूनच जातो. आत्या, मला नेमकं हेच सांगायचं होतं. हे गाव आडबाजूला राहिलं म्हणून जंगल वाचलं, असं नाही. पुतुसिबाऊ ते बादाऊ गाड्या धावतात, आणि त्या रस्त्यालगत ९,४८० हेक्टर जंगल उभं आहे.

आत्या: मग तू आणि मी भांडतोय कशासाठी? रस्ता झाला आणि जंगलही राहिलं.

मी: राहिलं, कारण गावाने जंगलाची वाटणी आधीच केली होती. एका भागात तोड अजिबात नाही, एक भाग राखीव, एका भागात घरापुरतं लाकूड, तेही ओसरीवर सांगून. आणि २०२० साली सरकारने ते जंगल गावाच्या मालकीचं म्हणून मान्य केलं. म्हणून मी म्हणतो, आधी जमिनीचा कागद, मग रस्ता. कागद नसताना रस्ता आला की तो दुसऱ्याचाच होतो.

आत्या: कागद मिळायला किती वर्षं लागली?

इथे मी तिला घटनाक्रम सांगितला, आणि सांगता सांगता माझीच बाजू लंगडी होत गेली. १९९९च्या वनकायद्याने लोकांचं पारंपरिक जंगलही सरकारी जंगलातच धरलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये आदिवासी समूहांची देशव्यापी संघटना, आमान, स्थापन झाली. तिने खटला लढवला आणि मे २०१३मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक जंगल हे सरकारी जंगल नाही. निकाल स्वच्छ होता. पण जंगल मिळण्याआधी त्या समूहाला जिल्ह्याने किंवा प्रांताने वेगळा ठराव करून ‘समूह’ म्हणून ओळखायला हवं, ही अट राहिली. पहिल्या नऊ समूहांना हक्क मिळाले ते डिसेंबर २०१६च्या अखेरीला. सुंगाई उतिकला आणखी चार वर्षांनी. इंडोनेशियात वनक्षेत्र म्हणून नोंदलेली जमीन १२ कोटी हेक्टरच्या आसपास आहे. २०२३ संपेपर्यंत पारंपरिक जंगल म्हणून परत मिळालेली जमीन अडीच लाख हेक्टरच्या आतबाहेर होती.

आत्या: म्हणजे न्यायालयात जिंकूनसुद्धा सात वर्षं. आणि ज्यांना पुरस्कार नाही, ज्यांच्याकडे तुझ्यासारखे लोक नकाशे घेऊन येत नाहीत, त्यांना किती? तोवर त्या गावातल्या बाईने बाळंतपण थांबवून धरायचं का? तू म्हणतोस आधी कागद. माझ्या बाईला तेवढा वेळ नाही.

मी: मग तुझ्याच बाजूची एक गोष्ट सांगतो. त्याच प्रांतात दक्षिणेला सुकादाना गाव आहे, गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानाला लागून. ओरांगउटानांचं जंगल. तिथे २००७ साली आस्री नावाचा दवाखाना सुरू झाला. किनारी वेब ही अमेरिकन डॉक्टर आणि होतलिन ओम्पुसुंग्गू ही इंडोनेशियाची दंतवैद्य. त्यांनी भोवतालच्या गावांत जाऊन आधी एवढंच विचारलं की तोड थांबवायला तुम्हाला काय लागेल. लोक म्हणाले, परवडेल असा दवाखाना, आणि खताच्या पैशाशिवाय शेती करायचं शिक्षण.

आत्या: दवाखाना?

मी: हो. घरात कोणी आजारी पडलं की रुग्णालयाचा खर्च भागवायला झाड पाडायचं. दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं.

आत्या: अरे, हे मी धडगावात रोज पाहिलं! शेळी विकायची, मग भांडी, मग कानातलं. त्यांच्याकडे झाड होतं. पुढे?

मी: दवाखान्याचे पैसे रोपांत, शेणखतात, टोपल्यांत किंवा कामात फेडता यायचे. नंतर ज्यांनी करवत सोडली त्यांच्याकडून यांत्रिक करवत विकत घेऊन धंद्याला पैसे दिले. २०२०मध्ये दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर उद्यानांशी तुलना करून त्यांनी काढलं की या उद्यानातली जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी घटली.

आत्या: बघ. तुझ्या कागदाने नव्हे, माझ्या इंजेक्शनाने.

तिच्या आवाजात विजय नव्हता. ती पुढे सरसावून बसली होती आणि त्या दवाखान्यात प्रसूतीची सोय आहे का, रक्त मिळतं का, रात्री कोण असतं, असं एकेक विचारत होती. मग मी तिला उरलेली गोष्ट सांगितली, आणि तिथे ती बिघडली.

मी: ज्या गावाने तोड पूर्ण थांबवली, त्या गावाला बिलात मोठी सवलत असते. तोड चालू असलेल्या गावाला कमी.

आत्या: हे मला मान्य नाही.

मी: उपचार सगळ्यांना मिळतात, आत्या. फरक फक्त सवलतीत.

आत्या: फक्त कसा? शेजाऱ्याच्या पोराने रात्री झाड पाडलं, म्हणून या बाईच्या सलाईनला जास्त पैसे? तिने ते झाड पाहिलंही नसेल. माझ्याकडे दारू गाळणाऱ्याची बायको यायची आणि सरपंचाची सून यायची. मी दोघींचं पोट सारख्याच हाताने तपासलं.

मी: पण त्यामुळे गाव गावालाच जाब विचारू लागलं. वनरक्षकाच्या काठीने जे झालं नव्हतं ते झालं. आणि सवलत कोणाची काढून घेतलेली नाही, वरची दिलेली आहे.

आत्या: ज्याच्याकडे काहीच नाही त्याला वरचं मिळालं नाही की ते काढून घेतल्यासारखंच लागतं. दवाखाना चांगला आहे, त्या दोघींना मी हात जोडते. पण सरकारने तिथे फुकट आणि बारमाही दवाखाना चालवला असता तर त्या लोकांनी झाडही पाडलं नसतं आणि सवलतीचा हिशेबही लागला नसता. उपचार बक्षीस म्हणून द्यायचा नसतो.

मी: सरकार येईपर्यंत ते उद्यान उरलं नसतं.

आत्या: असेल. तरी मान्य नाही.

यावर आम्ही अजून तिथेच आहोत. मला ती सवलत गैर वाटत नाही. तिला वाटते, आणि तिने आयुष्यभर ज्या खाटांशेजारी उभं राहून काम केलं ते बघता तिच्या ‘नाही’चं वजन माझ्या ‘हो’पेक्षा जास्त आहे, हे मी जाणतो.

आत्या: एक सांग. उद्या त्याच लांब घराने ठरवलं की आम्हालाही पाम लावायचा आहे, तर?

मी: मला वाईट वाटेल. मी त्यांना शेजारच्या गावांचे करार दाखवीन, कर्जाच्या वह्या दाखवीन. पण जंगल त्यांचं आहे म्हटल्यावर निर्णयही त्यांचाच. तो ओसरीवर सगळ्यांनी बसून घेतलेला असावा, एका सहीने नाही, एवढंच मी म्हणेन.

आत्या: सगळ्यांनी म्हणजे बायकांनीही?

मी: इबानांत घर मुलाकडेच जातं असं नाही. बिऱ्हाडात एक मूल मागे राहतं, मुलगा किंवा मुलगी, आणि घर त्याचं. त्यामुळे बाईचा शब्द घरात चालतो. घराचे प्रमुख मात्र बहुधा पुरुषच असतात, आणि बाहेरच्यांशी बोलणीही तेच करतात.

आत्या: घर बाईचं आणि बोलणी पुरुषाची. तू नकाशा काढायला बसतोस तेव्हा कोण येतं?

मी: म्हातारे येतात, त्यांना हद्दी पाठ असतात. ओढे, दफनभूमी, जुन्या वस्त्या, मधाची झाडं, सगळं सांगतात. तरुण मुलं जीपीएस घेऊन चालतात.

आत्या: पुढच्या खेपेला बायकांबरोबर वेगळा बस. विचार त्यांना, गेल्या पाच वर्षांत कोण कुठे बाळंत झाली, कोण वाटेत झाली. रात्री गाडी कोणाकडे मागतात, तो किती पैसे घेतो. कोणत्या ओढ्याला पाणी चढलं की वाट बंद होते. मोबाइलला रेंज कोणत्या वळणावर येते. हे सगळं जागेवरचं आहे, नकाशावर बसेल.

मी: बसेल. वेगळा थर करावा लागेल.

आत्या: कर. आणि तो थर दाव्याच्या फायलीला लावून वाट बघत बसू नकोस. दावा मंजूर व्हायला सात वर्षं लागोत नाहीतर दहा, हा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या आरोग्य खात्याकडे गेला पाहिजे. इथल्या गावांचाही कर. धडगावच्या पाड्यांसाठी बसायला मी येते.